शहात्तर मीटर

आई,

आज सकाळी पुन्हा धुकं होतं. साडेसहाला बाल्कनीचं दार उघडलं तर आपल्या नवव्या मजल्याखालचं सगळं गेलेलं. रस्ता नाही, पार्किंग नाही, तळ्याची बाग नाही. शेख झायेद रोडवरच्या उंच इमारतींचे तेवढे माथे वर उरले होते, पांढऱ्या पाण्यात कुणी उभे करून ठेवल्यासारखे. गाड्यांचा आवाज येत होता, पण तो कुठून येतो ते कळत नव्हतं. तुमची वेताची खुर्ची ओली झाली होती. ती पुसली आणि तिच्यावर न बसता शेजारी उभा राहिलो.

अशा सकाळी तुम्ही मला हाक मारायचात. "अविनाशराव, या की लवकर. पायथा गेला बघा सगळा. असाच दिसत असंल तो." तो म्हणजे कोण, हे विचारावं लागत नसे. मी चहाचा कप घेऊन यायचो आणि सांगायचो, की हे धुकं फार तर तीस मीटर जाड आहे, नऊ वाजेपर्यंत उडेल. "उडू दे की," तुम्ही म्हणायचात. "आता हाय न्हवं?"

तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. लोक भेटायला येतात, वय विचारतात, काय झालं होतं विचारतात. मी सांगतो. ते इथे लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. सहा वर्षं तुम्ही या घरात राहिलात. त्या सहा वर्षांत मी तुमच्याशी एकदा खोटं बोललो. गेल्या वर्षी कैलास यात्रेच्या सोडतीत तुमचं नाव निघालं नाही, असं मी सांगितलं. नाव निघणार कसं? मी तुमचा अर्ज पाठवलाच नव्हता.

हे शीतललाही माहीत नाही. आणि परवा तीच, तुमची मुलगी, मला म्हणाली, "अवि, यंदाचे अर्ज उघडलेत. आईचं नाव निघालं नाही. तिच्या जागी मी जाते. भरशील ना माझा?"

मी हो म्हणालो. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही.

*

आपलं पहिलं भांडण वेरूळला झालं, आठवतं? लग्नाला चार महिने झाले होते. त्याआधी तुम्ही माझ्याबद्दल सांगलीत सगळ्यांना एकच वाक्य सांगत होतात, "पोरगा चांगला हाय, पण कांदा खातोय." जैनांच्या घरात नाशिकचा कांदा खाणारा जावई आला होता. वेरूळला आपण गेलो ते बहुधा मला तपासायला.

कैलास लेण्यासमोर मी वेडा झालो. मी सर्वेक्षण करणारा माणूस. जमिनीची पातळी काढायची, उंची काढायची, खुणेचे दगड रोवायचे, हे माझं काम. तिथे कारागिरांनी डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात केली होती आणि खाली खाली येत देऊळ मोकळं केलं होतं. कळस आधी, पायरी शेवटी. वर एक चूक झाली असती तर ती दुरुस्त करायला दगड उरलाच नसता. मी तुम्हा दोघींना म्हणालो, चला, बाजूच्या वाटेने वर जाऊ, कळस वरून दिसतो.

"तुम्ही जावा," तुम्ही म्हणालात. "कळसाकडं मी खालनं बघते."

"अहो, लेणं आहे ते. तिकीट काढून आलोय आपण."

"म्हणून काय झालं? वर जाऊन खाली कुणाकडं बघायचं? देवाकडं?"

मी गेलो. वरून फोटो काढले. खाली अंगणात तुम्ही एका खांबाच्या सावलीत उभ्या होतात, मान वर करून, पण माझ्याकडे बघत नव्हतात. नंतर तुम्ही मला पुढच्या जैन लेण्यांकडे नेलंत, तिथला छोटा कैलास दाखवायला. "आमचाबी हाय की. ल्हान हाय आणि अर्धाच ऱ्हायलाय." एकाच डोंगराच्या अंगात बुद्धाची लेणी, शंकराचं देऊळ आणि तुमचे तीर्थंकर. मी म्हणालो, की जागेचा चांगला वापर केलाय. तुम्ही हसलात. मला वाटतं तेव्हा मी पास झालो.

*

तुम्ही आमच्याकडे राहायला आलात ते मामा, शीतलचे वडील, गेल्यावर. अल बर्शाच्या या दोन बेडरूमच्या घरात तुमची एक पिशवी कपड्यांची आणि एक पुस्तकांची. पहिल्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "सूर्य हितं मावळतो किती वाजता?" तुमचं जेवण सूर्यास्ताआधी. मी वर्षभराचा तक्ता काढून फ्रीजला लावला, मिनिटांसकट. डिसेंबरात साडेपाच, जुलैत सव्वासात. दरवर्षी एक जानेवारीला नवा लावायचो. तुम्ही म्हणायचात, की असला जावई सांगलीत कुणाला न्हाई.

मग रमझान आला. समोरच्या फ्लॅटमधली उम्म सामी, सीरियाची, दिवसभर उपाशी राहून त्याच तक्त्याची वाट बघणारी. तुमचा शेवटचा घास ज्या मिनिटाला संपायचा, त्याच मिनिटाला तिचा पहिला खजूर. पहिल्या वर्षी तुम्ही अजान होण्याच्या पंधरा मिनिटं आधी तिच्याकडे थालीपीठ पाठवलंत. ती झाकून ठेवायची. तिने अजान झाल्यावर खजूर पाठवले. ते तुम्ही झाकून ठेवायचात, सकाळपर्यंत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एकदा दारात उभं राहून तुम्ही तिला घड्याळ दाखवलंत, आधी स्वतःकडे बोट केलंत, मग तिच्याकडे, आणि दोघी खूप वेळ हसलात. ती त्या दिवसापासून तुम्हाला "हज्जा" म्हणायला लागली. मी सांगितलं, की हज करून आलेल्या बाईला तसं म्हणतात, वयस्क बाईलाही मानाने म्हणतात. तुम्ही म्हणालात, "मी तर कुठंच जाऊन आले न्हाई."

त्या वेळी मी ते वाक्य नुसतं ऐकलं.

*

कैलासाचा विषय घरात खरा आणला तो छिरिंगने. आपल्या इमारतीचा पहारेकरी, चाळिशीचा माणूस, नेपाळच्या अगदी वरच्या टोकाचा, हुम्ल्याचा. तिथून तिबेटची हद्द जवळ. तुम्ही लिफ्टची वाट बघताना त्याच्या टेबलावर डोंगराचं एक चित्र पाहिलंत. काळा खडक, वर बर्फ, पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा.

"हा तर अष्टापद," तुम्ही म्हणालात.

"कांग रिनपोछे, आमा," तो म्हणाला. आमा म्हणजे आई; तो तुम्हाला तेच म्हणायचा.

मी मागून किराण्याच्या पिशव्या घेऊन येत होतो. मी म्हणालो, "कैलास आहे तो." तिघांनी एकाच चित्राची तीन नावं घेतली आणि कोणालाच दुसऱ्याचं नाव चुकीचं वाटलं नाही. तुमचे आदिनाथ तिथून मोक्षाला गेले. माझ्या आईच्या देवघरातला शंकर तिथे राहतो. छिरिंगच्या बापाने त्याला बारा वर्षांचा असताना त्या डोंगराभोवती चालवत नेलं होतं, तीन दिवस. त्याने आणखी एक सांगितलं. बोन नावाचा आणखी जुना धर्म आहे, त्याचे लोक उलट्या बाजूने फिरतात.

"मग वाटेत टक्कर होत नाही?" मी विचारलं.

"टक्कर क्यों, सर? सामने से आता है तो मुँह दिखता है। जो हमारे साथ चलता है उसकी तो पीठ दिखती है।"

हे तुम्हाला इतकं आवडलं, की पुढे आठवडाभर तुम्ही ते शीतलला, मला, फोनवर सांगलीतल्या वन्संना सांगत होतात.

त्याला तुम्ही विचारलं होतं, वर कोणी जात नाही का. तो म्हणाला, "एक ही गया था आमा, बहुत पहले। एक योगी। सूरज की किरण पर बैठके।" आणि मग खांदे उडवून, "बाकी कौन जाएगा? घर किसी और का है।"

*

मला ते पटत नसे. तुम्हाला माहीत आहे. मी म्हणायचो, आई, हे सगळं श्रद्धेचं नाव आहे. खरं कारण परवानगी. उद्या सरकारने दार उघडलं तर परवा शंभर लोक दोर घेऊन उभे राहतील. उंचीसुद्धा फार नाही. एव्हरेस्टपेक्षा दोन हजार मीटरने कमी.

"पण तुम्हीच वाचून दाखवलं होतं की," तुम्ही म्हणायचात, "एका मोठ्या गिर्यारोहकाला परवानगी देत होते आणि तोच नको म्हणाला."

"तो एक."

"एकच पुरे हाय. न्हाईतर तुमचं सगळ्यांचं खरं झालं असतं."

एका शुक्रवारी तुमची नात इरा मध्ये पडली. तेव्हा ती चौदाची. "आजी, बट व्हॉट इज ऑन टॉप? ड्रोन पाठवला तर? कोणी चढणार नाही, नो वन टचेस इट."

"तुझ्या खोलीच्या दारावर काय लिहून लावलंयस गं?"

"नॉक फर्स्ट."

"का?"

"बिकॉज इट्स माय रूम!"

"आत काय असतंय एवढं?"

"नथिंग! दॅट्स नॉट द पॉइंट, आजी."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वरणात लिंबू पिळत राहिलो.

मग मी माझा हुकमाचा मुद्दा काढला. म्हणालो, की वर न जाण्याचा तोटा बघा. कैलासाची उंची एका ठिकाणी सहा हजार सहाशे अडतीस मीटर दिली आहे, दुसरीकडे सहा हजार सातशे चौदा. शहात्तर मीटरचा फरक! वर जाऊन उपकरण ठेवलं की एका दिवसात मिटेल.

"मग हे दोन आकडे आले कुठनं? वर तर कोण गेलंच न्हाई."

"लांबून. ठरलेल्या दोन जागांवरून कोन मोजायचे, मधलं अंतर माहीत असतं, गणित करायचं." मिठाची बाटली मध्ये ठेवून मी तुम्हाला दोन चमच्यांनी कोन काढून दाखवला.

तुम्ही मिठाच्या बाटलीकडे बघितलंत. "म्हणजे मोजायलासुद्धा वर पाय ठेवायला लागत न्हाई."

"बरोबर मोजायला लागतो."

"एवढा फरक तुमच्या जबल अलीच्या कामात चालतो काय?"

जबल अलीच्या गोदामांच्या जमिनी मी सपाट करून देतो. "शहात्तर मीटर? शहात्तर मिलिमीटर चुकलो तर घरी पाठवतील."

"मग तिथं ऱ्हावा की बिनचूक. हितलं शहात्तर मीटर असू द्या देवाला."

शीतल हसून हसून खोकायला लागली. इरा म्हणाली, "आजी विन्स." मी मिठाची बाटली जागेवर ठेवली. त्या दिवशी मी हरलो हे तुम्हाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तोच वाद काढला आणि तुम्ही जणू पहिल्यांदाच ऐकताय अशी उत्तरं देत बसलात.

एकदाच तुम्ही तुमच्याकडून काही म्हणालात, वाद नसताना. बाल्कनीत होतो, असंच धुकं होतं. "एकजण वर उभा ऱ्हायला की त्याचा होतोय हो डोंगर. त्याचा झेंडा, त्याचा फोटो. अजून कुणाचाच न्हाई, म्हणून माझाबी हाय, छिरिंगचाबी हाय." आणि मग, "तुमचाबी."

*

तुम्हाला तिथे जायचं होतं. वर नाही, भोवती. बावन्न किलोमीटर.

तुम्हाला त्याची स्वप्नं पडायची. सकाळी उप्पीट खाताना सांगायचात. डोंगर कधी कृष्णेच्या काठी असायचा, कधी तुमच्या शाळेच्या मैदानात. एकदा मामा बरोबर होते आणि नवीन चप्पल चावते म्हणून कुरकुरत होते. मी विचारायचो, डोंगर किती लांब होता?

"स्वप्नात किलोमीटर नसतात अविनाशराव."

"अंदाजे?"

"हात लावावा वाटंल एवढा. पण लावला न्हाई."

काही वर्षं बंद असलेली यात्रा गेल्या वर्षी पुन्हा सुरू झाली. वयाची मर्यादा सत्तर. तुम्ही एकोणसत्तर. पुढच्या वर्षी दार लागणार होतं, हे तुम्हालाही कळत होतं आणि मलाही. तुम्ही पासपोर्ट आणून माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "भरा. निघालं तर निघालं."

मी एका शनिवारी दुपारी बसलो. तुम्ही आत पडला होतात. खरं सांगतो, मी तो अर्ज तुम्हाला बाद करण्यासाठी भरत होतो. माझी खात्री होती, की कुठला तरी आकडा तुम्हाला थांबवेल आणि मला काही करावं लागणार नाही. उंची एकशे बावन्न सेंटीमीटर, वजन त्रेपन्न किलो. उंचीच्या मानाने वजन किती चालेल त्याची मर्यादा पंचवीस. तुमचं आलं बावीस पूर्णांक नऊ. रक्तदाब ठीक. साखर ठीक. माझी साखर तुमच्यापेक्षा जास्त आहे. एकही आकडा माझ्या बाजूने उभा राहिला नाही. सगळ्या रकान्यांपुढे हिरव्या खुणा आल्या आणि खाली एक बटन उरलं.

मी ते दाबलं नाही. लॅपटॉप मिटला आणि बाल्कनीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढून आणले.

दीड महिना मी काही बोललो नाही. मग एका संध्याकाळी, तुमचं जेवण झाल्यावर, सांगितलं, "आई, सोडत झाली. नाव नाही निघालं."

तुम्ही ताट उचलत होतात. ते खाली ठेवलंत. "असू दे," म्हणालात. "डोंगर कुठं जातोय?" आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "तुमचंच तोंड पडलंय. एवढं मन लावून भरला तुम्ही. जाऊ द्या हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शिरा केलात. माझ्यासाठी. मला वाईट वाटलं असेल म्हणून. वेलदोडा जास्त घातला होता, मला आवडतो तसा. मी दोन वाट्या खाल्ल्या.

आई, त्या शिऱ्याबद्दल कोणाला सांगू?

*

त्यानंतर तुम्ही तळ्याच्या बागेत चालायला लागलात. आधीही जात होतात, पण आता तळं उजव्या हाताला ठेवून, रोज. ती चक्कर मी कामावरचं मोजणीचं चाक नेऊन मोजली. दीड किलोमीटर. बावन्न म्हणजे पस्तीस चकरांना थोडी कमी. मी तुमच्याबरोबर चालायचो आणि मनात आकडा धरायचो, रोजचा आदल्या दिवशीच्या पुढे. अकराव्या चकरेला तुम्ही म्हणालात, "मोजताय काय?"

"नाही."

"मोजू नका. हे तळं हाय. तळ्याभोवती चाललं की तळ्याभोवतीच चालणं होतंय."

तिथेही काही लोक उलट्या बाजूने येत. एक फिलिपिनो नर्स, एक जाड्या कुत्र्याला चालवणारा रशियन, उम्म सामी आणि तिची बहीण. तुम्ही प्रत्येकाकडे बघून हसायचात, प्रत्येक चकरेला. मी म्हणालो, एकदा हसलात की, किती वेळा? "समोरून येतंय म्हणून तर तोंड दिसतंय," तुम्ही म्हणालात.

मी घाबरलो होतो ते कशाला, हे मी स्वतःला वर्षभर एकाच प्रकारे सांगितलं. त्या बावन्न किलोमीटरच्या वाटेवरची डोल्मा खिंड साडेपाच हजार मीटरच्या वर. तिथे हवा निम्मी. एकोणसत्तरचं हृदय. हे सगळं खरं आहे. कोणत्याही डॉक्टरने दुजोरा दिला असता. पण डॉक्टरांची तपासणी तर पुढे दिल्लीत होणारच होती. त्यांनी थांबवलं असतं तर थांबवलं असतं. ते काम माझं नव्हतं.

खरं कारण मला आता, रिकाम्या खुर्चीजवळ उभं राहून कळतं. मी पंचवीस वर्षं या वाळूत काम करतो. सकाळी साडेपाचला निघतो, संध्याकाळी येतो. शीतलचं ऑफिस, इराचं कानात काहीतरी घालून बसणं. तुम्ही आलात आणि या घरात कोणीतरी माझ्याशी वाद घालायला लागलं. माझे आकडे ऐकून घेणारं, त्यांना उत्तर देणारं. तुम्ही तिकडे गेला असता आणि आला नसता तर मी हे कोणाशी बोललो असतो? तुमच्या जिवाची काळजी होती, हे खोटं नाही. पण त्यात माझा स्वतःचा हिस्सा निम्म्याहून जास्त होता.

आणि तुम्ही शेवटी इथेच गेलात. समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर, हवा पूर्ण असताना, दुपारच्या झोपेत.

जबल अलीला तुम्हाला निरोप दिला. स्मशानातून बाहेर येताना इराने विचारलं, "बाबा, जबल म्हणजे माउंटन ना? कुठाय?" मी म्हणालो, की थोडा उंचवटा आहे, नीट बघितलं तर दिसतो. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. क्रेन दिसत होत्या, गोदामं दिसत होती, त्यांच्या मागे धुळीत जमीन किंचित वर आल्यासारखी वाटत होती.

*

वरचं लिहून पाच दिवस झाले.

शुक्रवारी सकाळी शीतलला सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, चहा झाल्यावर. कसं सांगायचं याची तयारी केली होती, ती सगळी गेली. म्हणालो, "आईंचा अर्ज मी पाठवला नव्हता."

तिला आधी कळलं नाही. "म्हणजे? वेळ गेली होती?"

"नाही. भरून झाला होता. पाठवला नाही."

"का?"

मी खिंडीची उंची सांगितली. हवेचं प्रमाण सांगायला लागलो.

"आकडे नको. का?"

"त्या परत आल्या नसत्या तर?"

"आणि आली असती तर?"

तिने कप उचलले, धुतले, उपडे ठेवले. पाठमोरी होती. "ती मला म्हणाली होती," शीतल म्हणाली, "माझ्या नशिबात न्हवतं, पण अविनाशरावांनी जीव तोडून प्रयत्न केला. फोन करून सांगितलं तिनं सांगलीला सगळ्यांना. जावयानं केलं म्हणून."

नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली, दूध आण, इराची बस, ए.सी.वाला आला होता. इराने तिला विचारलेलं मी ऐकलं, "मम्मा, आर यू अँग्री विथ बाबा?"

"हो."

"फॉर हाउ लाँग?"

"बघू."

काल संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली. मी समोर बसलो. म्हणालो, मी भरून देतो, काही रकाने किचकट आहेत. तिने स्क्रीन किंचित स्वतःकडे वळवली. "मी भरते." पासपोर्ट, फोटो, उंची. मध्ये एकदा उठून वजनकाट्यावर उभी राहून आली. मला आकडा सांगितला नाही. मी विचारला नाही. अर्धा तास ती टाइप करत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तुमचं नाक तिला आलंय, हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

मग तिने लॅपटॉप मिटला.

"पाठवलास?" मी विचारलं. राहवलं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. राग होता, पण त्याच्या मागे कुठेतरी तुमच्यासारखं हसूही असावं. नक्की सांगता येत नाही.

"सोडत झाली की सांगीन तुला," ती म्हणाली. "खरं सांगीन की नाही, ते तेव्हा बघू."

आई, निकाल संकेतस्थळावर लागतो. नाव आणि पासपोर्टचा क्रमांक घातला की दोन मिनिटांत कळतं, आणि तिचा क्रमांक मला पाठ आहे. मी तिथे बघायला जाणार नाही. ती येऊन जे सांगेल ते मी मानीन. तुम्ही मानलं होतं.